पितळी जोड

“भूपाल, लेथ बंद कर आन् ह्ये बघ काय गावलंय!”

दस्तगीर शिकलगार पिशवी छातीशी धरून माझ्या दुकानात शिरला. पिशवीतून त्यानं सिलिंडरचा दाब कमी करायचा एक जुना रेग्युलेटर काढून टेबलावर ठेवला. कुठल्याशा परदेशी बनावटीचा, दोन तबकड्यांचा, एकीची काच तडकलेली. कुणीतरी भंगारात घातलेला त्यानं उचलून आणला होता. मग खिशातून ज्योत सोडायचा एक बारीक तोंडाचा ब्लोपाइप काढला. तो हुपरीच्या चांदीकाम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडचा.

“आता फकस्त ऑक्सिजनचा बाटला आणला की झालं. एका नळीतनं ऑक्सिजन, दुसऱ्या नळीतनं घरचा गॅस. सुईसारखी ज्योत येती बघ. कॉर्नेटची नळी डाग देऊन सांधायची तर अशीच पायजे.”

दस्तगीर बँडची वाद्यं दुरुस्त करायचा. इचलकरंजी, जयसिंगपूर, पार कुरुंदवाडपर्यंतचे बँडवाले चेपलेली, फुटलेली कॉर्नेटं आणि युफोनियमं घेऊन त्याच्याकडे यायचे. त्याची बायको जैनबी बँडवाल्यांचे गणवेश शिवायची, खांद्यावरची सोनेरी झालर, बाहीवरची वेलबुट्टी. नवरा वाद्य सरळ करायचा, बायको वाजवणाऱ्याला सजवायची. आम्ही दोघं एका गल्लीत वाढलो होतो. मी यंत्रमागाचे सुटे भाग करणारा टर्नर. त्याला काही करावंसं वाटलं की तो आधी माझ्याकडे यायचा.

आणलेला रेग्युलेटर ऑक्सिजनच्या सिलिंडरला बसेना. आटेच वेगळे. म्हणून आम्ही दोघं कोल्हापूरला गेलो. तिथे पटवर्धन नावाचे एक म्हातारे गृहस्थ वेल्डिंगच्या सामानाचं दुकान चालवायचे. त्यांनी रेग्युलेटर हातातही घेतला नाही, लांबूनच पाहिला.

“हा घरात शोभेला ठेवा,” ते म्हणाले. “आतलं रबर कधीच वाळून गेलं असणार.”

“आतलं सगळं मी नवं बसवलंय,” दस्तगीर म्हणाला. “फक्त मधे एक जोड द्या. एका बाजूला बाटल्याचे आटे, दुसऱ्या बाजूला ह्याचे.”

“असा जोड मी विकत नाही. आटे वेगळे ठेवलेत ते वेड लागलं म्हणून नव्हे. गॅसच्या नटाचे आटे उलटे असतात, नटाच्या कडेला खाच असते, का? चुकूनसुद्धा भलत्या जागी बसू नये म्हणून. तुम्ही मधे जोड घालणार, त्यावर दीडशे किलोचा दाब येणार. नवा रेग्युलेटर घ्या. आत्ता माझ्याकडे नाही, पंधरा दिवसांत येईल.”

“पंधरा दिवसांत लगीनसराई निम्मी सरती की हो.”

मी मधे बोललो. “जोड मी करीन. पितळेचा. मी टर्नर आहे.”

पटवर्धनांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “हे लेथवाल्याचं काम नव्हे.”

ते शब्द मला झोंबले. वीस वर्षं मी इंचाचा हजारावा भाग हाताला कळतो म्हणून मिरवत होतो. मी दस्तगीरला म्हणालो, “चल.” आम्ही पायऱ्या उतरलो तसे म्हातारबुवा मागोमाग बाहेर आले.

“ऐकणार नाहीच, तर एवढं तरी करा. ऑक्सिजनला तेल चालत नाही. एक थेंब नाही. दाबाखाली ऑक्सिजन तेलाला लागला की काडी लावावी लागत नाही, आपोआप पेटतं. आटे पाडताना तेल लागणारच, तर तो जोड सोडा घालून उकळत्या पाण्यात दोनदा धुवा, वाळवा आणि मग तेलकट हातानं शिवू नका. कॉक हळू उघडा. समोर उभं राहू नका, कुणाला राहू देऊ नका.”

दस्तगीरनं शाळेतल्या पोरासारखी मान डोलावली. त्याच्या धंद्यात तेल सतत हाताला. कॉर्नेटच्या कळा तेलाशिवाय हलत नाहीत. परत येताना त्यानं सोड्याच्या दोन पुड्या घेतल्या. एक मला दिली, एक स्वतः ठेवली.

जोड करायला मला तीन दिवस लागले, कारण मागाची कामं अंगावर होती. तो रोज दोनदा यायचा. झाला का? कधी होतोय? तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला तेव्हा दुकानात एक कारखानदार माझ्या डोक्यावर उभा होता, त्याचे सहा माग एका रोलरसाठी बंद होते. मी जोड दस्तगीरच्या हातात दिला. सुरेख झाला होता. पितळ सोन्यासारखं चमकत होतं.

“धुतलंस न्हवं?” त्यानं विचारलं.

“धुतलंय की.”

त्यानं धुतलेल्या फडक्यात तो गुंडाळला आणि देवाचा प्रसाद न्यावा तसा घेऊन गेला.

रविवारी दुपारी त्यानं मला बोलावलं. घरामागं पत्र्याची शेड होती, तिथं तो काम करायचा. त्यानं सगळी तयारी नीट केली होती. गॅसची टाकी लांब ठेवलेली, ऑक्सिजनचा बाटला साखळीनं खांबाला बांधलेला. भिंतीवरची तेलाची बाटली त्यानं आदल्या दिवशीच घरात नेऊन ठेवली होती. माझ्या देखत त्यानं कोपरापर्यंत हात सोड्यानं धुतले. मग जोड बसवला, पाना लावून आवळला.

“भूपाल, हिकडं बाजूला ये. समोर थांबू नगंस.”

मी बाजूला होतोच. तरी आणखी चार पावलं मागं सरकून शेडच्या बाहेरच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

दस्तगीर बाटल्याच्या मागच्या अंगाला झाला, मान फिरवली आणि कॉकवर हात ठेवला. त्याच वेळी जैनबी घराकडच्या बाजूनं चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं नवऱ्याचा कप टेबलावर ठेवला आणि माझा कप घेऊन दाराकडे येऊ लागली.

कॉक त्यानं हळूच उघडला. ते मी आज शपथेवर सांगीन. अगदी हळू.

मोठा धमाका झाला नाही. ‘फुस्स’ असं काही ऐकू आलं आणि मग कापड फाटावं तसा आवाज. रेग्युलेटरमधून पांढरी शुभ्र ज्योत निघाली, तिच्याकडे बघवत नव्हतं. पितळ वितळून उडालं. जैनबी बरोबर ज्योतीच्या वाटेत होती. कप फुटल्याचा आवाज मला आला, तिचा नाही आला. ती नुसती खाली बसली आणि दोन्ही हात तिनं तोंडावर घेतले.

दस्तगीरनं जळत्या रेग्युलेटरशेजारचा कॉक उघड्या हातानं बंद केला. तळहाताची कातडी कॉकला चिकटून राहिली.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी उजवा डोळा काढावा लागेल म्हणून सांगितलं. गालही भाजला होता. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दस्तगीरच्या हाताला बँडेज होतं आणि तो त्याकडे एकटक बघत होता.

“माझ्याच हाताचं तेल राहिलं असंल,” तो म्हणाला. “आदल्या दिशी तीन कॉर्नेटं खोलली हुती. कोपरापतूर धुतलं रं मी. पर नखात राहिलं असंल. व्हय?”

मी म्हणालो, “असंल.”

त्यानंतर दस्तगीरनं वाद्याला हात लावला नाही. बँडवाल्यांची वाद्यं जशीच्या तशी परत केली. सूतगिरणीत वॉचमनची नोकरी धरली. जैनबीनं मात्र शिवण सोडलं नाही. सुईत दोरा ओवताना ती मान वाकडी करून डाव्या डोळ्याजवळ सुई न्यायची, दोन-चारदा चुकायची, पण कुणाला ओवू द्यायची नाही. तोंडावरचा पदर तिनं थोडा पुढं ओढला, एवढंच.

दस्तगीर हात धुवायला लागला. जेवणाआधी, जेवणानंतर, कामावरून आल्यावर, जैनबीला ताट द्यायचं असलं तरी. साबण नव्हे, धुण्याचा सोडा. हातांना भेगा पडल्या, त्यातून रक्त यायचं. भेटेल त्याला तो सांगायचा, “मी बायकोचा डोळा घेतला. माझ्या हाताच्या तेलानं.” लोक आधी हळहळायचे, मग त्याला चुकवून दुसऱ्या बाजूनं जायला लागले.

मी चुकवत नव्हतो. दर रविवारी जात होतो. आम्ही जैन, म्हणून जैनबी माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात पिठलं करायची. दस्तगीर दरवेळी कधी ना कधी विचारायचा, “भूपाल, तू बघत हुतास. मी हात नीट धुतलं हुतं का?” आणि मी म्हणायचो, “ध्यानात न्हाई आता.” अशी नऊ वर्षं गेली.

नवव्या वर्षी जैनबी माझ्या दुकानात आली. दुपारची वेळ, वीज गेलेली, लेथ बंद. ती याआधी कधी दुकानात आली नव्हती. मी स्टूल पुसून दिलं. ती बसली नाही.

“भाऊजी, एक मागायला आलेय. न्हाई म्हणू नगासा.”

“सांगा की, वैनी.”

“काल त्यांनी हात इतकं घासलं की हाड दिसायला लागलं. डॉक्टर म्हणतोय, असंच चाललं तर बोटं जातील. मी नऊ वर्सं सांगतेय, माझा काई राग न्हाई. त्यांना पटत न्हाई. माझं माफ करणं त्यांच्या कामाचंच न्हाई.” तिनं पदर नीट केला. “तुम्ही त्यांना खोटं सांगा.”

“काय खोटं?”

“चूक तुमची हुती म्हणून सांगा. त्यो जोड तुम्ही धुतलाच न्हवता म्हणून सांगा.”

मी लेथचा पट्टा धरून उभा होतो. 

“मला ठाऊक हाय मी काय मागतेय,” ती म्हणाली. “दोस्ती तुटंल. तुमच्यावर नको तो आळ यील. पर तुमचं दोघांचं लहानपणापासनं हाय, म्हणून मागतेय. दुसऱ्या कुणाकडं मागू?”

आता मी सांगतो. तो जोड मी धुतला नव्हता. कारखानदार डोक्यावर उभा होता, पाणी उकळायला स्टोव्ह पेटवावा लागला असता. आटे पाडताना हत्याराला घातलेलं तेल मी बोळ्यानं पुसलं. तोच बोळा, ज्याला मी दिवसभर हात पुसत होतो. सोड्याची पुडी कपाटात तशीच होती. पितळ चमकत होतं आणि मला वाटलं, म्हाताऱ्यांना घाबरवायची खोडच असते. त्या रविवारी दस्तगीरनं कॉकवर हात ठेवला तेव्हा मात्र पटवर्धनांचे शब्द मला आठवले. बोलायला तोंड उघडलं असतं तर ‘धुतलंय’ म्हटलेलं खोटं पडलं असतं. म्हणून मी बोललो नाही. मी स्वतः तेवढा चार पावलं मागं सरकलो. दाराशी. आणि जैनबी चहा घेऊन माझ्याकडेच निघाली.

“सांगतो,” मी तिला म्हणालो.

त्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा दस्तगीर अंगणातल्या नळावर बसून हात धूत होता. जैनबी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली.

“दस्तगीर, त्यो जोड मी धुतला न्हवता.”

पाणी वाहत राहिलं. “काय?”

“धुतला न्हवता. नुसता पुसला. बोळ्यानं.”

“तू म्हणालास, धुतलंय की.”

“म्हणालो.”

“दवाखान्यात मी इचारलं तवा ‘असंल’ म्हणालास.”

“म्हणालो.”

त्यानं नळ बंद केला. लुंगीला हात पुसले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. पुष्कळ वेळ बघितलं त्यानं. बालपणापासूनचं माझं तोंड त्याला वाचता येत होतं, पण इतकी वर्षं त्यानं ते वाचायचा प्रयत्नच केला नव्हता. त्याला हे खरं असल्याचं कळलं, ते मला दिसलं.

“दर रविवारी,” तो हळू म्हणाला. “दर रविवारी तू माझ्या घरात जेवलास.”

त्यानं अंगणाच्या दाराकडे हात केला.

“जा, भूपाल.”

मी वळलो. त्याच्या मागं उंबऱ्यात जैनबीनं, त्याला दिसणार नाही असे, मला हात जोडले.

त्यानंतर दस्तगीर माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. रस्त्यात दिसलो तर रस्ता बदलायचा. पण त्याचे हात बरे झाले. चार-सहा महिन्यांत भेगा भरल्या. पुढं त्यानं नोकरी सोडून पुन्हा शेड उघडली, अर्थात निखाऱ्यावरचं जुनं कामच, पण कॉर्नेटचा आवाज गल्लीत ऐकू यायला लागला. आणि दर ईदला, न चुकता, जैनबी माझ्या घरी शीरखुर्मा घेऊन यायची. नवऱ्याला न सांगता. माझ्या बायकोच्या हातात डबा द्यायची आणि मला म्हणायची, “तुमच्यामुळं जगलेत ते. तुम्ही केलंत ते सख्खा भाऊ करायचा न्हाई.”

बायको विचारायची, काय केलंत तुम्ही? मी म्हणायचो, काही नाही.

अशी चौदा वर्षं गेली. शीरखुर्मा मी चौदा वर्षं खाल्ला.

मग एका सकाळी ती आली ते डबा न घेता. पांढरी ओढणी, हातात काही नाही. त्यांच्या मुलानं पुण्याहून दोघांचं हजचं नाव घातलं होतं आणि नंबर लागला होता. आठ दिवसांनी निघायचं होतं. जाण्याआधी ओळखीच्या सगळ्यांकडे जाऊन चुकल्यामाकल्याची माफी मागायची असते. बायको आत चहाला गेली. जैनबी माझ्यासमोर खुर्चीच्या कडेला बसली.

“ते आले न्हाईत. मी म्हणाले चला, पर पाय उचलंना त्यांचा. मग माझी मीच आले. भाऊजी, मी तुम्हाला खोटं बोलायला लावलं. तुमची दोस्ती तोडली. त्यांच्या नजरेत तुमचं नाव खराब झालं. हे माझ्या अंगावर घेऊन मला तिथं उभं ऱ्हाता येत न्हाई. मला माफ करा.”

आणि तिनं खाली वाकून माझ्या पायाला हात लावायला हात पुढं केला.

मी पाय मागं ओढले. “वैनी, ते खोटं न्हवतं.”

ती हसली. “आता मला पण तेच सांगताय व्हय? मीच तर शिकवलं तुम्हाला.”

“न्हाई. तुम्ही आलात त्याच्या आधीपासनं ते खरं हुतं. मी जोड धुतला न्हवता. सोड्याची पुडी कपाटात हुती. आणि दस्तगीरनं कॉकला हात लावला तेव्हा मला ठाऊक हुतं. म्हणून मी दाराकडं गेलो.”

तिचा हात अजून तसाच अर्धा पुढं होता. तो तिनं सावकाश मांडीवर घेतला. तिचा एकच डोळा माझ्यावर होता आणि मला तिथून नजर काढता येईना.

“मी तुम्हालाच चहा द्यायला येत हुते,” ती म्हणाली.

“व्हय.”

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. मग ती बोलली, माझ्याशी नव्हे, स्वतःशीच बोलावं तशी.

“ते सारखं म्हणायचे, भूपालनं केलं, भूपालनं केलं. मी मनात म्हणायची, किती कठोर हाय ह्यो माणूस, दोस्तानं एवढं केलं तरी ह्याचं मन पाघळत न्हाई. चौदा वर्सं मी त्यांनाच वाईट समजत हुते.”

माझी बायको चहा घेऊन आली. जैनबीनं कप घेतला, दोन घोट प्याली आणि उठली. मी दारापर्यंत गेलो. काही तरी म्हणायला हवं होतं. माफी मागायला हवी होती, तो शब्द जिभेवर होता, पण ती स्वतः माफी मागायला आलेली आणि तिच्यापुढं तो शब्द मला उच्चारता येईना.

पायरीवर थांबून ती म्हणाली, “माझं मी मागितलं. तुमचं काय करायचं, मला आत्ता सुचत न्हाई. तिथं गेल्यावर बघते.”

चाळीस दिवसांनी ते परत आले. हाजी परतले की गल्लीतले लोक भेटायला जातात. तिसऱ्या दिवशी माझी बायको गेली. मी म्हणालो, मला बरं नाही. ती तासाभरानं आली ती कागदात सात खजूर आणि छोट्या बाटलीत जमजमचं पाणी घेऊन.

“सगळ्यांना दिलं का असं?” मी विचारलं.

“सगळ्यांना.”

“काही म्हणाल्या?”

“गर्दी होती हो. पण दस्तगीरभाई शेजारी बसले होते, त्यांच्या देखत त्यांनी मला मोठ्यानं विचारलं, भाऊजी का न्हाई आले? मी सांगितलं, बरं नाही. तर म्हणाल्या, बरं वाटलं की या म्हणावं.”

“आणि दस्तगीर?”

“ते काही बोलले नाहीत. पण उठूनही गेले नाहीत.”

ह्याला आता तीन वर्षं होतील. त्यांचं घर माझ्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. मी संध्याकाळी फिरायला निघतो आणि पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत जातो. तिथून त्यांचं दार दिसतं. जैनबी पायरीवर शिवत बसलेली असते, मान वाकडी करून सुई डोळ्याजवळ नेते, आतून दस्तगीरचा ठोकण्याचा आवाज येत असतो. मी थोडा वेळ उभा राहतो आणि मागं फिरतो. तिनं मला अजून एकदाही हाक मारलेली नाही. मारणार कशी? गिरणीचा कोपरा तिच्या उजव्या हाताला येतो. त्या बाजूनं तिला दिसत नाही.